अर्धं अंडं

फोर्टातल्या त्या गल्लीत रात्री साडेनऊला
लाँड्री उघडी असते, हेच मला खटकायला हवं होतं.
इस्त्रीचा वास नाही, कळकट बिलबुक नाही,
काउंटरवरची पोरगी विचारते, "काय टाकायचंय?"
ऋजुता, माझी सून, कालच मॅनेजर झालेली,
मोबाइलमध्ये बघून म्हणते, "हळदीचा डाग. जुना."
पोरगी हसत नाही. तसं शिकवलेलं असणार.
टांगलेले सफारी, शेरवान्या, एक बँडवाल्याचा कोट
ती हातानं बाजूला सारते
आणि कपड्यांमागे भिंत नसतेच, जिना असतो
खाली उतरणारा.

काळोख. पितळी दिवे.
मुद्दाम पोपडे काढलेल्या भिंती.
बाबांना आवडलं का, असं निनाद तिला डोळ्यांनी विचारतो.
मी खुर्ची बदलून घेतो,
जिना समोर दिसेल अशी.

माझगावात आमच्या चाळीमागे लिओकाद आंटीची खोली,
रस्त्यावरून पाच पायऱ्या खाली.
दारात मेरीची तसबीर, लाल बल्ब,
आत दोन बाकं, खारे चणे, नवटाक, पावशेर,
मोरीच्या फरशीखाली माल भरलेल्या रबरी ट्यूबा.
गोदीतले यायचे, गिरणीतले यायचे,
एक मास्तर यायचे, ते शिरताना चष्मा काढून खिशात ठेवायचे,
जणू आपल्याला दिसलं नाही की आपणही दिसत नाही.
मी आठ वर्षांचा. वरच्या पायरीवर, चेंडू घेऊन.
खाकी दिसली की चेंडू सोडायचा
टप्, टप्, टप्, टप्, टप्,
तेवढ्यात आंटी सगळं मोरीत ओतून
हातात जपमाळ घेऊन बसलेली.
मजुरी: रोज अर्धं उकडलेलं अंडं, मीठ-मिरी लावून.
दुसरं अर्धं ती मास्तरांना विकायची.

"हातभट्टी सावर," ऋजुता वाचते, "बाबा, हे घ्या ना."
काय असतं त्यात?
पट्टेवाला एप्रन घातलेला पोरगा सांगतो,
मोसंबी, गूळ, मातीच्या भांड्यात मुरवलेली रम.
नवसागर?
"सर?"
काही नाही.
बाराशे पन्नास, टॅक्स वेगळा.
तो काचेचा घुमट उचलतो, धूर निघून जातो,
खाली बोटभर दारू
आणि बशीत लाव्याचं अंडं.
अर्धं.

एका संध्याकाळी चेंडू माझ्या हातून सुटला,
उलट्या बाजूला, गटाराकडे,
आणि मी त्याच्यामागे गेलो. बस, इतकंच.
परत आलो तेव्हा बाकं रस्त्यावर होती,
ट्यूबा सुऱ्यानं फाडलेल्या, सगळ्या गल्लीला वास,
मास्तर व्हॅनमध्ये, चष्मा न लावता,
आणि आंटी चपला शोधत होती.
कोणी मला काही विचारलं नाही.
चार रात्री मी जेवलो नाही, आईला वाटलं कावीळ.

पाचव्या दिवशी ती आली, हात सुजलेला.
मला हाक मारली. सबंध अंडं दिलं. सबंध.
म्हणाली, "बॉल नको आता. शिट्टी मारायला शिक."

पोरगा ग्लास उचलायला येतो.
मी विचारतो, मागचं दार कुठं आहे रे?
"टॉयलेट डावीकडे, सर."
नाही, दार. निसटायचं.
तो गोंधळून ऋजुताकडे बघतो.
"आल्या वाटेनंच, काका. फायर एक्झिट आहे, पण तिथं सध्या
बर्फाचं मशीन ठेवलंय."

लपायचं सगळं आहे, पळायचं काही नाही.
चव वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू.
दुसराही घेतला.

वर लाँड्रीतून बाहेर पडलो तर नाक्यावर पोलिसांची व्हॅन.
हवालदार बॉनेटला टेकून फोनवर कुणाला तरी
दूध आणायला सांगत होता.
निनाद गाडी बोलवत होता. ऋजुता फोटो बघत होती.
माझे ओठ आपोआप जुळले, जीभ दातांमागे गेली,
मी जोर लावला.
कवळीतून नुसती हवा आली.